इराणी मुलींच्या पदकांचं श्रेय कुणाचं?

कवडसा

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाईकांच्या गटावर वाद झाला. एका दादांनी लिहिलं, "डोकं झाकून खेळणाऱ्या इराणी मुलींचं कौतुक म्हणजे सक्तीचंच कौतुक. त्या सरकारच्या बाहुल्या. खऱ्या शूर त्या, ज्या देश सोडून गेल्या नाहीतर तुरुंगात गेल्या." मला ते फार लागलं. तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे धागा काढतेय.

माझी लेक तायक्वांदो शिकते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिक चालू असताना तिच्या सरांनी क्लास सुटल्यावर मुलींना मोबाईलवर एक लढत दाखवली. मीही मागे उभी राहून बघितली. ५७ किलो वजनगट, सुरुवातीचीच फेरी. एका बाजूला इराणची नाहीद कियानी, हेल्मेटखाली केस आणि मान झाकणारं कापड. समोर बल्गेरियाकडून किमिया अलीझादे. सर म्हणाले, "एका तालमीतल्या वाटतात की नाही? होत्याच."

किमिया मूळची इराणचीच. २०१६ ला रिओमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली इराणी स्त्री. २०२० च्या जानेवारीत तिने देश सोडला. टोकियोत ती निर्वासितांच्या संघातून उतरली आणि पहिलीच गाठ पडली ती एके काळची सोबतीण नाहीदशी. तेव्हा किमिया जिंकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा दोघी समोरासमोर आल्या, या वेळी नाहीद जिंकली आणि थेट अंतिम फेरीत गेली. तिचं रौप्य हे इराणी स्त्रीला मिळालेलं पहिलं ऑलिम्पिक रौप्य. तायक्वांदोत अंतिम फेरी गाठणारीकडून जी हरते, तिला कांस्यासाठी आणखी एक संधी मिळते. म्हणजे नाहीद पुढे गेली म्हणूनच किमियाचा रस्ता उघडा राहिला. त्या रस्त्याने तिने कांस्य घेतलं आणि दोघी एकाच मंचावर उभ्या राहिल्या.

आता यातली शूर कोण आणि बाहुली कोण, हे कुणी मला सांगावं. लग्न झालेल्या बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागते, अशा देशात राहून नाहीद इथवर आली. त्याच पॅरिसमध्ये मोबिना नेमतझादेने ४९ किलोत कांस्य मिळवलं. झहरा नेमती आधी तायक्वांदो खेळायची. अपघातात कमरेखालचं शरीर लुळं पडल्यावर तिने धनुष्य उचललं आणि २०१२ ला लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण घेतलं. चार वर्षांनी रिओत ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाला इराणचा झेंडा तिच्या हातात होता, चाकाच्या खुर्चीत बसून. या बायकांचं यश आपण कापडाच्या तुकड्यावरून मोजायला लागलो, तर बायकांचा पेहराव तपासणाऱ्या तिथल्या नैतिकता पोलिसांत आणि आपल्यात फरक काय राहिला? तेही कापडच बघतात.

उंबरठा

पूर्ण असहमत. कियानीच्या मेहनतीबद्दल शंका नाही, पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत. देश सोडताना किमियाने स्वतः काय लिहिलं होतं? आपण इराणमधल्या लाखो पिचलेल्या बायकांपैकी एक आहोत, त्यांनी सांगितले ते कपडे घातले, सांगितली ती वाक्यं बोलले, आणि पदक मिळाल्यावर त्याचं श्रेय त्यांनी सक्तीच्या हिजाबाला आणि स्वतःच्या कारभाराला दिलं. हा माझा आरोप नाही, जिला पहिलं पदक मिळालं तिची साक्ष आहे.

कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. पण ते पदक परत गेल्यावर त्याचं काय केलं जातं, ते आपल्याला माहीत असताना डोळे मिटून टाळ्या वाजवायच्या?

आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनचं उदाहरण घ्या. २०१८ ला आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धा इराणमधल्या हमदानला होती. डोक्यावर स्कार्फ सक्तीचा. तिने भारतीय संघातून नाव काढून घेतलं आणि जाहीर लिहिलं की ही सक्ती माझ्या मूलभूत हक्कांवर घाला आहे. ज्युनिअर जगज्जेती राहिलेल्या मुलीने देशाकडून खेळायची संधी सोडणं सोपं नसतं. "स्कार्फ घालून खेळलं तरी काय बिघडतं" म्हणणाऱ्यांनी तिचा निर्णय एकदा नीट वाचावा.

पामबीच

उंबरठा, सौम्याबद्दल आदर आहेच. पण आदल्या वर्षी, २०१७ ला, तेहरानमध्ये महिलांची जागतिक अजिंक्यपद बुद्धिबळ स्पर्धा झाली तेव्हा आपल्या हरिका आणि पद्मिनी स्कार्फ घालून खेळल्या. हरिका उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्या दोघी सक्तीच्या बाजूच्या होत्या का?

मी नेरूळला राहतो. २०२२ च्या जानेवारीत महिला आशिया चषक फुटबॉल आपल्याकडे होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. इराणच्या मुली पहिल्यांदाच त्या स्पर्धेला पात्र झाल्या होत्या. डी. वाय. पाटीलवर भारत-इराण सामना झाला, ०-०. कोविडमुळे आम्ही स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर असूनही टीव्हीवरच बघितला. इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई. पात्रता सामन्यात जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये दोन फटके तिने अडवले होते, म्हणून तो संघ इथे आला. त्यानंतर जॉर्डनच्या फुटबॉल संघटनेने तक्रार केली की ही बाई नाहीच, तपासा. नोव्हेंबरभर जगभरच्या वर्तमानपत्रांत तिच्या शरीराची चर्चा. दोन महिन्यांनी तीच बाई आमच्या नेरूळमध्ये गोलपुढे उभी होती आणि भारताचा एकही फटका तिने आत जाऊ दिला नाही. मी भारताच्या बाजूने ओरडत होतो, तरी शेवटची शिट्टी वाजल्यावर तिच्यासाठी टाळी वाजवली.

आणखी एक. २०११ च्या जूनमध्ये याच देशाचा महिला संघ अम्मानला ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळायला मैदानात उतरला होता. फिफाने डोक्यावरच्या कापडावर बंदी घातली होती, त्यामुळे सामना सुरू होण्याआधीच त्यांना बाद केलं. मुली मैदानावर रडत होत्या. घरी कापड काढलं तर शिक्षा, बाहेर घातलं तर शिक्षा. ती बंदी उठायला पुढे तीन वर्षं लागली. त्या मुलींनी नेमकं काय करायला हवं होतं, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितेय, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही. २०१८ ची जकार्ता एशियाड, महिला कबड्डीची अंतिम लढत. आधीच्या दोन्ही एशियाडची सुवर्णं भारताची. निकाल: इराण २७, भारत २४. आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या आमच्या नाशिकच्या शैलजा जैन.

जाण्याआधी घरच्यांच्या मनात धाकधूक होतीच. तिथे जाऊन त्या कामापुरती फारसी शिकल्या. स्वतः पक्क्या शाकाहारी. मुलींना योगासनं आणि प्राणायाम रोजच्या सरावात आणले. चढाईत दम टिकवायचा खेळ आहे, श्वासावर ताबा नसेल तर तिसाव्या सेकंदापर्यंत कोण टिकणार? मी शाळेत असताना कबड्डी खेळले आहे, त्यामुळे त्या सामन्यात इराणी मुलींचा बचाव बघून मला आपल्याच जुन्या मैदानांची आठवण झाली. साखळी सुटत नव्हती. घोट्याला हात घालणारी कोपऱ्यातली मुलगी पडली तरी पकड सोडत नव्हती.

त्या दिवशी हरल्याचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी ऊर भरून आला. शैलजाताईंनी तिथे सरकारची सेवा केली असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. त्यांनी बारा मुलींना खेळायला शिकवलं.

उंबरठा

गोदाकाठ, शैलजाताईंबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण खेळाडूंच्या आयुष्यातली दुसरी बाजूही त्याच मैदानावर आहे. निलुफर अर्दलान, इराणच्या महिला फुटसाल (पाच-पाच जणींचं छोट्या मैदानावरचं फुटबॉल) संघाची कर्णधार. २०१५ ला आशियाई स्पर्धा मलेशियात होती. नवऱ्याने पासपोर्टच्या कागदावर सही दिली नाही. कारण? मुलाच्या शाळेचा पहिला दिवस. कर्णधार घरी, संघ मलेशियात. संघाने तिच्याविना स्पर्धा जिंकली. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी ग्वाटेमालाच्या स्पर्धेसाठी तिला खास परवानगी मिळाली. पण कायदा तसाच राहिला.

सहर खोदायारी खेळाडूही नव्हती. तिला फक्त आपल्या आवडत्या संघाचा सामना बघायचा होता. पण तिथे पुरुषांच्या सामन्यांना बायकांना बंदी. पुरुषाचे कपडे घालून तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये शिरताना पकडली गेली. सहा महिन्यांची कैद होऊ शकते असं कानावर आल्यावर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. महिन्याभराने फिफाच्या दबावाखाली साडेतीन हजारांच्या आसपास बायकांना आत सोडलं. कंबोडियाविरुद्ध इराण १४-० ने जिंकला. हे दार एका बाईच्या जिवावर उघडलं.

म्हणून मी म्हणते, फक्त पदकांची यादी वाचून "बघा, तिथल्या बायका किती पुढे" असं म्हणू नका.

धुळाक्षर

मी गणित शिकवतो, म्हणून मरियम मिर्झाखानीबद्दल. आणि इथे मी काहीसं अप्रिय बोलणार आहे.

१९७७ चा जन्म. १९७९ ला इस्लामी क्रांती झाली तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. म्हणजे तिचं सगळं शालेय शिक्षण इस्लामी राजवटीतलं. तेहरानची फरझानेगान ही हुशार मुलींसाठीची सरकारी शाळा. मुलांच्या शाळेत गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तयारी करून घेतात, मग आमच्याकडे का नाही, असं तिने आणि मैत्रिणीने विचारलं आणि मुख्याध्यापिकेने ते वर्ग सुरू केले. तोवर इराणच्या ऑलिम्पियाड संघात एकही मुलगी गेली नव्हती. मरियमने १९९४ ला सुवर्ण आणलं, १९९५ ला पैकीच्या पैकी गुण मिळवून पुन्हा सुवर्ण. २०१४ ला फील्ड्‌स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च सन्मान, मिळवणारी जगातली पहिली स्त्री. मोठमोठे कागद जमिनीवर पसरून त्यावर आकृत्या काढत बसायची, आणि तिच्या छोट्या मुलीला वाटायचं की आई चित्रं काढतेय.

क्रांतीआधी इराणमधल्या साधारण तीन बायकांपैकी एक साक्षर होती. आज पाचांत चारांहून जास्त आहेत. अनेक जुन्या वळणाच्या बापांनी मुलींना शाळेत पाठवलं ते शाळा वेगळ्या आणि डोकं झाकलेलं, म्हणूनच. हे आवडो न आवडो, घडलं आहे. त्या राजवटीचा मी समर्थक नाही, पण श्रेयाचा हिशोब मांडायचाच तर ही रक्कमही मांडावी लागेल.

रानजाई

धुळाक्षर, शाळा उघडल्या, मान्य. पण शाळेतून बाहेर पडल्यावर? विद्यापीठांत मुली निम्म्याहून जास्त झाल्या आणि २०१२ ला छत्तीस विद्यापीठांनी सत्याहत्तर अभ्यासक्रम मुलींना बंद केले. शिकलेल्या बायका एवढ्या, आणि नोकरी-धंद्यात शंभरातल्या वीससुद्धा नाहीत.

मरियमचंच बघा. २०१४ ला पदक मिळालं तेव्हा तिथल्या काही वर्तमानपत्रांनी तिच्या फोटोतले केस संगणकावर झाकले. २०१७ ला, चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली, तेव्हा मात्र काहींनी पहिल्या पानावर उघड्या केसांचा फोटो छापायचं धाडस केलं. तिचा नवरा परदेशी, म्हणून तिच्या मुलीला आईचं नागरिकत्व मिळत नव्हतं. तिच्या मृत्यूनंतर काही खासदारांनी तो विषय लावून धरला आणि २०१९ ला कायदा बदलला. जगातली पहिली फील्ड्‌स विजेती, आणि तिच्या देशाला तिची मुलगी आपली वाटायला कायदा बदलावा लागला.

मी हे पुस्तकी बोलत नाही. पुण्यात एमएस्सी करताना दोन वर्षं माझी खोलीतली जोडीदारीण शिराझची होती. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी बरेच असायचे. साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायची. गच्चीवर कपडे वाळत घालताना मोठ्याने गायची, फार सुरेल. एकदा खालचे काका वर बघून ऐकत थांबले तशी एकदम गप्प झाली. मग मीच म्हटलं, "अगं, त्यांना आवडतंय." १९७९ पासून तिच्या देशात बाईने पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गायला बंदी आहे. ती सवय अशी एका दिवसात कशी जाणार?

घरी जायच्या आदल्या रात्री ती मांतोला, म्हणजे तो गुडघ्यापर्यंतचा कोट, इस्त्री करायची. रूसरी, म्हणजे डोक्यावरचा स्कार्फ, मात्र बॅगेत नाही, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. मी विचारलं तर म्हणाली, विमान उतरायला लागलं की सगळ्या बायका एकदम पर्समध्ये हात घालतात, शोधत बसायला लागू नये. हे सांगताना ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. छत्री वरच ठेव म्हणतो ना आपण, तसं.

तिला दोन प्रकारच्या लोकांचा राग यायचा. "बिचारी" म्हणणाऱ्यांचा, आणि "बघा, तुमच्याकडे बायका डॉक्टर-इंजिनिअर असतात, म्हणजे सगळं छानच की" म्हणणाऱ्यांचा. उंबरठा आणि कवडसा, तुम्ही दोघी या दोन्हींत बसत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये परस्तू अहमदी नावाच्या गायिकेने एका जुन्या सराईच्या अंगणात, मोकळ्या केसांनी, चार वादक सोबत घेऊन मैफल केली. समोर एकही श्रोता नाही. यूट्यूबवर सोडली आणि लाखोंनी ऐकली. तिला अटक झाली, मग सोडलं. मी ती मैफल आमच्या त्याच गच्चीची आठवण काढत ऐकली.

जुनी वही

सगळ्यांचं वाचलं. निवृत्त इतिहास शिक्षक आहे, त्यामुळे थोडं मागे जातो.

१९३६ च्या जानेवारीत इराणचा राजा रेझा शाह याने बुरख्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांनी डोक्यावरून अंगभर लपेटलेली चादर ओढून काढत. कित्येक बायका वर्षानुवर्षं घराबाहेर पडल्या नाहीत, हमामला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, जायचं तर गच्चीवरून गच्चीवर. सरकारच्या लेखी ती प्रगती होती. १९७९ च्या ८ मार्चला, क्रांतीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या, कारण आता कचेरीत डोकं झाकून या असं फर्मान निघालं होतं. त्यातल्या अनेकींनी रेझा शाहच्या मुलाविरुद्ध, शेवटच्या शाहविरुद्धही मोर्चे काढले होते. हे लक्षात घ्या: दोन्ही वेळी बाईला कुणी विचारलं नाही.

शिरीन एबादी क्रांतीआधी न्यायाधीश होत्या, तेहरानच्या एका न्यायालयाच्या प्रमुख. नंतर बाई न्यायाधीश असू शकत नाही असं ठरलं आणि त्याच न्यायालयात त्यांना कारकुनी दिली. वकिलीची सनद मिळायला १९९२ उजाडलं. त्यांनी देशातच राहून खटले लढवले आणि २००३ चं शांततेचं नोबेल मिळवलं. नंतर त्यांना देश सोडावा लागला. नर्गिस मोहम्मदींना २०२३ चं नोबेल मिळालं तेव्हा त्या तेहरानमधल्या एव्हिनच्या तुरुंगात होत्या आणि ऑस्लोला त्यांच्या जुळ्या मुलांनी ते स्वीकारलं. त्या मुलांनी आईला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एबादी आधी राहिल्या, मग गेल्या. त्या शूर होत्या की बाहुली होत्या, आणि कोणत्या वर्षापासून? कवडसा यांच्या दादांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. श्रेय राजवटीला देण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे, धुळाक्षर. शाळा सरकारने बांधली असेल. पण "आमच्याकडे का नाही" हे विचारलं त्या दोन मुलींनी, आणि ऐकलं एका मुख्याध्यापिकेने.

धुळाक्षर

जुनी वही, तो शेवटचा मुद्दा मान्य. मी शाळेला श्रेय देताना मुख्याध्यापिकेला सरकारच्या खात्यात टाकलं, ती चूक झाली. साक्षरतेच्या आकड्यांवर मात्र मी कायम आहे.

उंबरठा

रानजाई, पर्सचा बाहेरचा कप्पा वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी का एवढी चिडून लिहिते ते सांगते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. बावीस वर्षांची, सक्केझ गावची. "झन, झिंदगी, आझादी" ही घोषणा मला भाषांतराशिवाय कळली, आणि ती कळल्यापासून सहज सोडता येत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये इराणची एल्नाझ रेकाबी सोलला भिंत चढण्याच्या स्पर्धेत उघड्या केसांनी उतरली. परत आल्यावर ते अनवधानाने झालं असं तिने सांगितलं. किती मोकळेपणाने सांगितलं असेल? डिसेंबरमध्ये बुद्धिबळपटू सारा खादेम कझाकस्तानच्या अल्माटीला रूसरीशिवाय पटावर बसली. तिला स्पेन गाठावं लागलं. या मुलींनी सगळं पणाला लावलं असताना झाकून खेळणाऱ्यांना त्याच ओळीत बसवणं मला जड जातं. अजूनही जातं.

"बाहुली" हा शब्द मात्र चूक आहे. तो मी वापरला नव्हता, पण वापरणाऱ्याची बाजू घेतली. कियानीसाठी मी तो मान्य करणार नाही. सौम्याच्या जागी मी असते तर मीही हमदानला गेले नसते, यावर ठाम आहे.

कवडसा

उंबरठा, सौम्याने जे केलं ते तिने करायलाच हवं होतं, यात मला कधीच शंका नव्हती. तिला नकार देता आला, आणि नकार देऊन ती पुण्याला स्वतःच्या घरीच राहिली. नाहीदचं घरच तिथे आहे. एल्नाझ तर परत गेली, घरीच गेली. तुमच्या यादीतच ती सगळं पणाला लावणाऱ्यांत आणि तिथेच राहिलेल्यांत, दोन्हीकडे बसते.

किमियाचं पत्र मी गाळलं होतं, ते तुम्ही आणलंत, बरं झालं. लेकीला लढत दाखवली होती, पत्र दाखवलं नव्हतं. काल रात्री तेही वाचून दाखवलं. मग तिने पॅरिसची लढत पुन्हा लावायला सांगितली आणि या वेळी गुण न मोजता शेवटपर्यंत बघितली. संपल्यावर दोघी एकमेकींना काय म्हणाल्या असतील, असं विचारत होती. आज क्लासला जाताना तिने सरांसाठी तो प्रश्न वहीत लिहून नेलाय.